मुंबई ते गोवा शिडाच्या बोटीनं : मैल नाही, तास मोजा

प्रश्न थोडक्यात असा : तिघं मित्र, वय चाळिशीच्या आसपास. मुंबई बंदरात दोन हंगाम छोट्या शिडाच्या होड्या चालवल्या आहेत. ओळखीतल्या एका गृहस्थांची ३० फुटी, इंजिन असलेली शिडाची बोट डिसेंबरात दहा दिवस मिळते आहे. मुंबईहून गोव्याला जायचं, वाटेत शांत बेटं बघायची, जमल्यास एखाद्या बेटावर मुक्काम करायचा आणि त्याच बोटीनं परत यायचं. रोज किती अंतर धरावं, कुठे थांबावं, कशाला भ्यावं?

वाईट बातमी आधीच सांगून टाकतो. दहा दिवसांत जाऊन-येऊन होणार नाही. अंतर काही फार नाही. मुंबईच्या दक्षिण टोकापासून गोव्यातल्या आग्वाद किल्ल्यापर्यंत २२० सागरी मैलांच्या आसपास भरतं, आणि तुमची बोट ताशी पाच मैल आरामात काढेल. तरीही होणार नाही, कारण हा किनारा जाताना जितका मायाळू आहे तितकाच येताना चेंगट आहे. बोट गोव्यात महिना-दोन महिने ठेवायला मालक तयार असतील तर एकेरी जा आणि तुम्ही रेल्वेनं परत या. तयार नसतील तर विजयदुर्गहून मागे फिरा. यात कमीपणा काही नाही. मी पहिल्या खेपेला हरिहरेश्वरही ओलांडलं नव्हतं.

असं का, ते समजायला वाऱ्याचा एक दिवस बघा. डिसेंबरात मध्यरात्रीनंतर जमीन गार होते आणि सह्याद्रीकडून मतलई वारा सुटतो. ईशान्येचा, कधी पूर्वेचा, कोरडा. अंगावर शाल घ्यावी लागते आणि वाऱ्याबरोबर गवताचा, चुलीच्या धुराचा वास पाण्यावर येतो. हा वारा सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत टिकतो. मग पडतो. दहा ते बारा समुद्र तेल ओतल्यासारखा सपाट. बाराच्या पुढे वायव्येला पाण्यावर एक गडद रेघ दिसते, ती पुढे सरकत येते आणि शीड फडफडायला लागतं. हा खारा वारा. तीन ते पाच त्याचा भर, दहा-बारा नॉट (ताशी सागरी मैल), फेब्रुवारीनंतर पंधराच्याही वर. सूर्य बुडाला की तासाभरात मावळतो, आणि मध्यरात्रीपर्यंत पुन्हा काही नाही.

आता किनारा बघा. तो उत्तरेकडून दक्षिणेकडे, किंचित पूर्वेला झुकत जातो. गोव्याला जाताना खारा वारा मागून, उजव्या खांद्यावरून येतो. बोट पळते आणि चहा सांडत नाही. परतताना तोच वारा तोंडावर. शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडात जाऊ शकत नाही, तिला नागमोडी चढावं लागतं, म्हणजे वीस मैलांच्या मजलीला तीस मैल पाणी कापायचं, आणि तेही आखूड, उभ्या लाटांवर आपटत. म्हणून परतीचा प्रवास रात्री दोनला नांगर उचलून, मतलईवर, किनाऱ्याला धरून करायचा आणि दहाच्या आत पुढचं बंदर गाठायचं. रोज आठ तास, त्यातले चार काळोखातले. तीन नवख्या माणसांनी हे सलग पाच दिवस केलं तर सहाव्या दिवशी कोणी कोणाशी बोलत नाही.

लोक नकाशावर कर्कटक ठेवून मैल मोजतात. कोकणात तास मोजायचे. मतलईचे तीन-चार तास आणि खाऱ्या वाऱ्याचे पाच तास, एवढीच तुमची रोजची कमाई. मधले दोन बिनवाऱ्याचे तास बहुतेक जण इंजिन लावून घालवतात. माझ्या मते त्या दोन तासांसाठीच हा सगळा खटाटोप करायचा असतो. त्याकडे शेवटी येतो.

वाऱ्याइतकंच महत्त्वाचं पाणी. मुंबईला अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराच्या उधाणाच्या भरतीला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, गोव्यात त्याच्या निम्मंही नाही. तुमच्या बोटीची कील, म्हणजे तळाखालचं उभं पातं, दीड मीटर पाण्यात असेल. म्हणजे उत्तर कोकणातल्या खाडीत जिथे दुपारी सुखानं तरंगलात तिथे संध्याकाळी चिखलात उभे राहाल. मोबाइलवर भरती-ओहोटीची कोष्टकं आहेतच, ती वापरा. पण कोळ्यांचा जुना हिशेबही पाठ असू द्या : तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. हा मुंबईचा हिशेब आहे. दक्षिणेला जाल तशी भरती थोडी थोडी आधी येते, गोव्यात साधारण तासभर आधी. मिनिटांवर विसंबू नका. पण कॅलेंडरकडे नजर टाकून आज दुपारी खाडीत पाणी असेल की नसेल हे कळतं, आणि बॅटरी संपलेल्या मोबाइलपेक्षा ते बरं.

तिथीचं महत्त्व मी बाणकोटला शिकलो. सावित्री नदीच्या तोंडावरचा वाळूचा पट्टा आम्ही व्यवस्थित ओलांडला होता, आणि सगळे त्याच खुशीत. भरती पूर्ण झाल्याला पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. आत वळताना मी फेरीबोटीच्या वाटेपासून जरा जास्तच बाजूला गेलो आणि बोट मऊ आवाज करून थांबली. दगडावर आपटण्याचा नव्हे, उशीवर डोकं टेकवल्यासारखा आवाज. इंजिन मागे घेतलं, नुसता गढूळ फेस आला. बागमांडल्याहून वेसवीकडे निघालेल्या फेरीबोटीतली मंडळी आमच्याकडे बघून हात हलवत होती. त्यांना वाटलं आम्ही मजेत उभे आहोत.

एका छोट्या यांत्रिक होडीतून एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांनी पाणी किती, बोट किती वजनाची, असं काही विचारलं नाही. पहिला प्रश्न, "आज तिथ कुठची?" मी म्हटलं, चतुर्थी. "मग पाणी मरायला लागलं. आता निघाली नाय तर उद्या नाय निघायची, परवाही नाय." आणि खरंच होतं ते. उधाण उतरणीला लागलं की पुढची प्रत्येक भरती आदल्या भरतीपेक्षा खुजी. ऐन भरतीच्या माथ्यावर रुतलेली बोट पुढच्या उधाणाची वाट बघत आठ-दहा दिवस बसू शकते.

मग त्यांनी जे केलं ते मी त्याआधी फक्त ऐकून होतो. शीड वर चढवायचा दोर डोलकाठीच्या टोकावरून खाली येतो. त्याचं एक टोक त्यांनी होडीत घेतलं, आम्हाला दुसरं घट्ट बांधायला लावलं आणि होडी आडवी, पन्नासेक फूट दूर नेऊन हळूहळू ओढ दिली. बोट झुकायला लागली. कपाटातली भांडी एका बाजूला गेली, स्टोव्हवरचं पातेलं खाली आलं. बोट पुरेशी कलली की तिची कील तिरकी होते, म्हणजे तेवढी वर उचलली जाते. "आता मागं!" ते ओरडले. इंजिन मागे घेतलं आणि आम्ही सुटलो. सगळं मिळून दहा मिनिटं. पैसे घेतले नाहीत, पण आमची डिझेलची एक कॅन मात्र त्यांना पसंत पडली.

तेव्हापासून माझा नियम : खाडीत शिरायचं ते भरती पूर्ण व्हायच्या दोन तास आधी, चढत्या पाण्यावर. रुतलात तर पाणीच उचलून देतं. उतरत्या पाण्यात अनोळखी खाडीत शिरायचं नाही, मग बाहेर कितीही हलत असो. आणि ओहोटीचा प्रवाह बाहेर येत असताना समोरून खारा वारा असला तर खाडीच्या तोंडावर लाटा उभ्या राहून फुटतात. दाभोळच्या तोंडावर मी हे बघितलं आहे. लांबून नुसती पांढरी किनार वाटते, जवळ गेल्यावर परतायची सोय नसते.

आता मुक्काम. सगळी बंदरं सांगत बसत नाही, जिथे मी स्वतः रात्र काढेन ती सांगतो.

मुंबईहून पहिली मजल जंजिऱ्यापर्यंत, ३८-४० मैल. लांब आहे, म्हणून पहाटे तीनला निघा. किल्ल्याच्या बाहेर नांगर टाकू नका. राजपुरीच्या खाडीत आत, दिघीच्या बाजूला, जहाजांची वाट सोडून थांबा. तिथून हर्णै ३० मैल. हर्णैला सुवर्णदुर्ग आणि किनारा यांच्यामधली जागा नकाशावर आडोशाची वाटते, पण तिथे शेकडो मच्छीमार बोटी असतात, त्यांची ये-जा रात्रभर चालते आणि हलतंही बरंच. एक रात्र काढा, मासळीचा लिलाव बघा, निघा. पुढे जयगड. शास्त्री नदीची खाडी, भूशिराच्या मागे वायव्य वाऱ्यापासून चांगला आडोसा. मोठ्या जहाजांचं बंदर आहे, त्यांच्या वाटेतून बाजूला राहा. रत्नागिरी डिझेल, पाणी आणि नटबोल्टसाठी ठीक.

आणि मग विजयदुर्ग. ह्या बंदराबद्दल मी जरा पक्षपाती आहे. वाघोटन खाडीच्या तोंडावर वाळूचा पट्टा नाही, पाणी खोल, किल्ल्याच्या पूर्वेला नांगर टाकला की समुद्र बाहेर राहतो. आंग्र्यांचं आरमार इथे का होतं हे समजायला इतिहासाचं पुस्तक लागत नाही, इथे एक रात्र नांगरावर झोपावं. खाडीत आत गिर्ये गावाजवळ त्यांची खडकात खोदलेली गोदी आहे, छोट्या होडीनं जाऊन या. विजयदुर्गला दोन रात्री ठेवा. पुढे बारा मैलांवर देवगड, तेही तितकंच बंदिस्त. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळात केरळ-तमिळनाडूच्या साठहून जास्त मच्छीमार बोटी देवगडच्या आसऱ्याला आल्या होत्या. त्या तांडेलांनी, म्हणजे बोटी चालवणाऱ्या प्रमुखांनी, हे बंदर पूर्वी पाहिलेलं असो-नसो, अडचणीत नेमकं ते निवडलं.

मालवणला मात्र सांभाळून. बंदराच्या तोंडाशी खडकांची रांगच आहे, काही पाण्याच्या जेमतेम खाली. दिवसाउजेडी, सूर्य पाठीशी असताना आणि पहिल्या खेपेला स्थानिक तांडेल बोटीवर घेऊनच आत जा. १९८७ पासून हा भाग सागरी अभयारण्य आहे आणि खाली प्रवाळ आहे. नांगर वाळूवर पडतोय याची खात्री करूनच सोडा. प्रवाळावर ओढला गेलेला नांगर पंधरा मिनिटांत जे मोडतो ते परत यायला माणसाचं आयुष्य जातं.

नांगराचा हिशेब तुमच्यापैकी एकानं तरी तोंडपाठ करावा, कारण बंदरात बोयाला बांधून झोपायची सवय असलेली मंडळी इथे चुकतात. समजा ओहोटीला पाणी पाच मीटर. भरतीला आणखी तीन चढणार. पाण्यापासून बोटीच्या नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची, उंची एक मीटर. झाले नऊ. त्याच्या पाचपट, म्हणजे ४५ मीटर साखळी सोडायची. ओहोटीला आलात, पाच मीटर पाणी बघून २५ मीटर सोडली आणि झोपलात, तर भरतीला साखळी तिपटीहूनही कमी भरते, ओढ वरच्या बाजूला येते आणि नांगर सुटतो. शिवाय मध्यरात्री मतलई आला की बोट उलट्या बाजूला फिरते. संध्याकाळी मागे समुद्र होता, पहाटे मागे खडक असतो. त्यामुळे चारी बाजूंना साखळीइतकी मोकळी जागा बघूनच थांबायचं. मतलई सुटल्यावर एकदा उठून बघायचंच, ही माझ्या बोटीवरची सक्ती आहे. कुरकुर होते, पण चालते.

भीती कशाची, या प्रश्नाला माझं एका शब्दात उत्तर : जाळी. वादळांचा अंदाज चार दिवस आधी येतो, जाळ्यांचा येत नाही. उरणपासून अलिबागपर्यंतच्या पाण्यात डोल जाळ्यांचे खुंट असतात आणि प्रवाह जोरात असला की बोया पाण्याखाली ओढल्या जातात. दक्षिणेला तरती जाळी, कधी मैल-मैल लांब. दिवसा बांबूला बांधलेलं काळं फडकं दिसतं, रात्री लुकलुकता दिवा, कधी तोही नाही. पंख्यात जाळं अडकलं की इंजिन ताबडतोब बंद. अर्धं शीड खाली आणा, श्वास घ्या, आणि उजेड असेल तरच, कमरेला दोर बांधून, एकानं पाण्यात उतरायचं. दातेरी सुरी डेकवर, हाताशी बांधलेली असावी. खाली खणात ठेवलेली कधीच वेळेवर सापडत नाही. जमेल तितकं जाळं सोडवा, अगदीच नाइलाज झाला तर कापा, आणि मालक आसपास असेल तर जाऊन सांगा. त्याची ती महिन्याची मिळकत असते. एकदा आम्ही असं सांगायला गेलो तेव्हा शिव्या पोटभर खाल्ल्या. मग चहाही मिळाला.

म्हणूनच जाताना रात्रीचा प्रवास टाळा. दुपारी चार-साडेचारला, उजेड आणि वारा दोन्ही हाताशी असताना, नांगर पडलेला असावा. रोज २०-३० मैल. जंजिऱ्याची आणि शेवटची आग्वादची, एवढ्या दोन मजली अपवाद.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. २००८ चे हल्लेखोर 'कुबेर' नावाच्या मच्छीमार बोटीतून आले होते, हे किनारा विसरलेला नाही आणि विसरूही नये. अनोळखी पांढरी बोट संध्याकाळी खाडीत नांगरली की गावातून फोन जातो. त्यामुळे बोटीची नोंदणी, विमा, मालकाचं पत्र, सगळ्यांची ओळखपत्रं एका न भिजणाऱ्या पिशवीत ठेवा, निघण्यापूर्वी मार्ग आणि नावं बंदर निरीक्षकाकडे द्या, आणि प्रत्येक मुक्कामी आपणहून बंदर कार्यालयात किंवा सागरी पोलिसांकडे जाऊन या. ते येण्याआधी आपण गेलो की संभाषणाचा सूरच वेगळा लागतो. व्हीएचएफ रेडिओवर चॅनल १६ कायम चालू. तटरक्षक दलाचा फोन १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. आणि परदेशातला कोणी मित्र प्रेमानं उपग्रह फोन किंवा तसलं संदेश-यंत्र देऊ करेल तर हात जोडा. परवान्याशिवाय ते जवळ बाळगणं भारतात गुन्हा आहे आणि त्यापायी माणसं अटक झाली आहेत. किनाऱ्यापासून पाच मैलांच्या आत बहुतेक ठिकाणी मोबाइल चालतोच.

हंगामाबद्दल तुमची निवड योग्य आहे. नारळी पौर्णिमेला नारळ सोडला की कोळी बांधव समुद्रात जातात, पण त्यांची बोट आणि त्यांचं काळीज वेगळं. शिडाच्या सहलीला कोजागिरी होऊ द्यावी, आणि मी तर दिवाळीही होऊ देतो. नोव्हेंबरही पूर्ण निर्धोक नसतो. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ याच किनाऱ्यावर आलं होतं. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारीचा मध्य हा सोन्याचा काळ. मार्चपासून दुपारचा वारा दांडगा होतो, आणि मेच्या मध्यानंतर नैर्ऋत्येकडून लांब लाटा यायला लागल्या की बोट पाण्याबाहेर काढलेली असावी. रोज सकाळी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा बघा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राचा लाटांचा अंदाजही. वारा शून्य असताना दूर दक्षिणेच्या महासागरात उठलेल्या लाटा काही दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर येऊन फुटतात. अशा दिवशी बोट नुसती डोलते, पण छोट्या होडीतून पुळणीवर उतरायला जाल तर उताणे व्हाल.

खाण्यापिण्याची चिंता बायकांनी व्यक्त केली आहे असं तुम्ही लिहिलंत. दिवाळीचा फराळ उरवून ठेवायला सांगा. चिवडा, शंकरपाळे, बेसनाचे लाडू याहून उत्तम सागरी अन्न मी पाहिलेलं नाही. शिजवावं लागत नाही, खराब होत नाही, एका हातानं खाता येतं. थालीपिठाची भाजणी, खिचडीसाठी कुकर, थोडं सुकट, कोकमाचं आगळ. पिण्याचं पाणी माणशी रोज चार लिटर धरा आणि एकाच टाकीत भरू नका. बोट लागत असेल तर गोळी आदल्या रात्री घ्यायची. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी माशांच्या पोटात जाते. आणि सकाळी परतणारी मच्छीमार बोट दिसली तर थंड पाणी, बिस्किटं पुढे करा. बदल्यात मिळणाऱ्या बांगड्यांचा भाव मंडईत करता येणार नाही.

आता बेटं. 'शांत बेट, पुळणीवर तंबू, शेकोटी' असं चित्र तुमच्या डोळ्यांपुढे असेल तर ते दुसऱ्या समुद्राचं आहे. कोकणातली बेटं बहुतेक किल्ल्यांची आहेत, आणि किल्ल्यावर मुक्कामाला परवानगी नसते. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे तर २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्य म्हणून जागतिक वारशाच्या यादीत गेले. आता पहारा वाढेल, आणि वाढायलाच हवा. दक्षिणेला कारवारसमोरचं अंजदीव नौदलाच्या ताब्यात आहे, जवळही फिरकू नका. मुर्डेश्वरसमोरचं नेत्राणी सुंदर आहे, पण ते पुढच्या वर्षी. लक्षद्वीपला वेगळे परवाने लागतात आणि मध्ये शंभरावर मैल मोकळा समुद्र आहे. त्याचं नाव सध्या काढू नका. गोव्याचं ग्रांदे बेट शांत नाही, तिथे डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटींची जत्रा असते.

पण शांतता मिळते. ती ठिकाणात नसते, वेळेत असते. पर्यटकांच्या बोटी साडेनऊ-दहाला सुरू होतात, पाचला थांबतात. तुम्ही पाण्यावरच राहताय. मुरूडसमोरच्या पद्मदुर्गाला, कोळी त्याला कासा म्हणतात, मी एकदा सकाळी सातला मतलईवर वळसा घातला होता. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह द्यायला शिवाजी महाराजांनी बांधलेला हा किल्ला जंजिऱ्याच्या सावलीत राहून गेला. त्याची भिंत पाण्यातून बघावी. साडेतीनशे वर्षांच्या खाऱ्या माऱ्यानं दगड आत झिजले आहेत आणि त्यांच्यामधला चुना तसाच बाहेर उभा आहे. लांबून मधमाश्यांच्या पोळ्यासारखं दिसतं. उन्हं तिरपी असतात तेव्हा प्रत्येक खोबणीत सावली असते. नऊनंतर ते दिसत नाही.

सिंधुदुर्गावर संध्याकाळची शेवटची होडी गेली की तटाच्या आत राहणाऱ्या मोजक्या घरांचे दिवे लागतात. मालवण बंदरात नांगरावर बसून तेवढं बघितलं तरी दिवस वसूल. थळसमोरच्या खांदेरीला जायचं तर मंगळवार-शनिवार सोडून, दीपगृहाच्या आणि बंदराच्या लोकांना विचारून. तिथला एक दगड आपटला की भांड्यासारखा वाजतो, तो मुलांना आवडतो. मला तिथला वेताळ आवडतो. १६७९ मध्ये इंग्रजांची जहाजं समोर उभी असताना शिवाजी महाराजांच्या आरमारातल्या मायनाक भंडाऱ्यानं ह्या तेवढ्याशा खडकावर तट चढवत नेला. थळच्या उथळ पाण्यातल्या खडकांमधून आपल्या होड्या कुठून काढायच्या हे त्याला माहीत होतं आणि इंग्रजांना नव्हतं. तुम्हीही इंग्रजांच्याच जागी आहात हे लक्षात ठेवा आणि ते खडक लांबून ओलांडा.

पण दहा दिवसांतला एकच दिवस निवडायचा तर मी वेंगुर्ला रॉक्सचा निवडेन. वेंगुर्ल्यापासून साधारण नऊ मैल समुद्रात, निवतीच्या समोर, उघड्या खडकांचा पुंजका. एकावर दीपगृह. झाड नाही, पुळण नाही, हॉटेल असण्याचा प्रश्नच नाही. खडकांत गुहा आहेत आणि त्यांत पाकोळ्यांची मोठी वसाहत. घरटी त्यांच्या लाळेनं चिकटवलेली असतात, सुपासाठी परदेशात त्यांना मोठी किंमत येते, आणि म्हणून एके काळी इथून त्यांची चोरटी निर्यात चालायची. पक्षिमित्रांच्या आणि वनखात्याच्या लोकांच्या प्रयत्नांनी ती थांबली. गुहेत शिरू नका, खडकावर उतरूही नका. नांगरही टाकू नका, तळ खडकाळ आहे, अडकेल.

तिथे जायचं ते असं. मालवणहून पहाटे पाचला, चढतं पाणी आणि तांडेल सोबत असताना बाहेर पडा. तांडेलाला बाहेर त्याच्या होडीत उतरवा. मतलईवर दहा मैल, साडेआठ-नऊला खडक जवळ येतात. नऊच्या पुढे वारा पडतो. आता ते दोन तास. शिडं उतरवा, इंजिन बंद करा, खडकांपासून दोनशे मीटर राखून बोट नुसती सोडून द्या. एकाची नजर मात्र कायम खडकावर, कारण पाणी वाहतच असतं आणि ते कुठे नेईल हे दर पाच मिनिटांनी तपासावं लागतं. पहिली दहा मिनिटं काही वाटत नाही. मग कान सरावतात. लाट गुहेत शिरते तेव्हा आत काहीतरी खोल घुमतं, मागे येताना सुस्कारा सोडल्यासारखी हवा बाहेर पडते. पाकोळ्या तोंडातून बारीक टकटक काढत काळोखात वाट शोधतात. अगदी जवळून गेलेल्या एकीचा तो आवाज मी ऐकला आहे, काडेपेटी हलवल्यासारखा. वर एखादा समुद्री गरुड. गेल्या खेपेला खाली पाण्यात एक कासव आलं, आमच्याकडे बघून श्वास घेतला आणि पुन्हा खाली गेलं. बोटीवर आम्ही चौघं होतो. तासाभरात कोणी मोबाइल काढला नव्हता. नंतर लक्षात आलं, चहाही कोणी केला नव्हता.

साडेअकराला वायव्येकडे ती गडद रेघ दिसेल. दिसल्याबरोबर इंजिन लावा, खडकांना वळसा घालून मोकळ्या पाण्यात या आणि मगच शीड चढवा. तिथून आग्वाद साधारण ३० मैल, वारा उजव्या खांद्यावरून. निघायला उशीर केलात तर पोचेपर्यंत अंधार होईल, आणि मांडवीच्या तोंडाशी कसिनोंच्या दिव्यांत बोयांचे दिवे ओळखू येत नाहीत.